हिशेबाला पक्का

१९०३ च्या जुलैत फोर्ड मोटर कंपनीच्या बँक खात्यात २२३ डॉलर आणि ६५ सेंट उरले होते. कंपनी नोंदवून जेमतेम महिना होत होता. भांडवल म्हणून रोख जमले होते २८ हजार डॉलर. ते सुट्या भागांच्या बिलांत आणि पगारांत संपत आले होते. तेवढ्यात शिकागोच्या डॉ. फेनिग यांनी ८५० डॉलर भरून कंपनीची पहिली गाडी घेतली आणि कंपनी तगली.

माझा मामा ही गोष्ट सांगताना ते ६५ सेंट कधी गाळत नसे. त्याचं म्हणणं, खरी मेख त्या सेंटांतच आहे. खात्यात किती शिल्लक आहे हे हेन्री फोर्डला विचारलं असतं तर त्यानं कार्ब्युरेटरबद्दल बोलायला सुरुवात केली असती. सेंटासकट शिल्लक तोंडपाठ असणारा माणूस दुसराच होता.

मामा १९६० च्या दशकाच्या अखेरीस सांगलीहून इंजिनिअर होऊन डेट्रॉइटला गेला आणि हॅमट्रॅमॅक या पोलिश वस्तीत एका म्हातारीच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिला. म्हातारीचे वडील फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात कामाला होते. तिला ऐकणारं कुणीतरी हवं होतं आणि मामाला तिथल्या थंडीत घराबाहेर पडणं जिवावर यायचं. वडिलांच्या तोंडच्या गोष्टी तिच्याकडून मामाकडे आल्या आणि मामा सुटीवर आला की आमच्या ओट्यावर. ओट्यावर आजोबा बसलेले असत. एसटी येण्यापूर्वी कराडच्या बाजूला खासगी सर्व्हिस मोटारी चालायच्या. तिथल्या एका मालकाकडे ते दिवाणजी होते. त्या मोटारींत फोर्डच्या गाड्या होत्या. हिंदुस्थानात येणारी फोर्ड सहसा कॅनडाच्या कारखान्यातून यायची हे मला पुढे वाचनात कळलं. ब्रिटिश साम्राज्यातल्या विक्रीचा हक्क १९०४ साली निघालेल्या कॅनडातल्या फोर्ड कंपनीकडे होता, आणि तिनंच १९२६ साली मुंबईत आपली उपकंपनी काढली. आजोबांच्या लेखी मात्र फोर्ड म्हणजे टायर, पेट्रोल आणि वसूल न होणारी उधारी. म्हणून मामाची पहिली गोष्ट संपताच त्यांनी विचारलं, "ते सगळं ठीक. पण फोर्डचा दिवाणजी कोण होता?"

त्याचं नाव जेम्स कझन्स.

जन्म १८७२ चा, कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या चॅटम गावचा. वडील इंग्लंडहून आलेले; किराणा दुकानात नोकरी, मग साबण करून विकण्याचा उद्योग. म्हातारीकडची गोष्ट अशी, की पोरगा लहानपणी आईवर रुसला होता. मला कॅनडात का जन्म दिलास, म्हणून. इंग्लंडचा राजा तर होणार नव्हताच, पण पलीकडच्या काठावर जन्मलो असतो तर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष तरी झालो असतो, असा त्याचा मुद्दा होता. १८९० साली तो डेट्रॉइटला आला आणि मिशिगन सेंट्रल रेल्वेत मालडबे तपासायच्या कामावर लागला. व्यापाऱ्यांनी डबे वेळेवर रिकामे केले नाहीत की जादा आकार लावायचा, आणि ते मोठे व्यापारी आहेत म्हणून आवाज खाली आणायचा नाही. असाच तो अलेक्झांडर माल्कमसन या कोळशाच्या व्यापाऱ्याशी भांडला, आणि जो आपल्याशी असा भांडतो तो आपल्या बाजूनं किती भांडेल, असा विचार करून माल्कमसननं त्यालाच हिशेबनीस म्हणून ठेवून घेतलं. आजोबांना हे फार पटलं. "गोड बोलणारा दिवाणजी मालकाला बुडवतो," हे त्यांचं आवडतं मत होतं.

कझन्सबद्दल कारखान्यात एक थट्टा चालायची. तो वर्षातून एकदाच हसतो, आणि तो हसला की उत्तरेकडच्या मोठ्या सरोवरांवरचा बर्फ फुटतो.

फोर्डच्या गाडीत पैसे घातले ते या माल्कमसननं, आणि जमाखर्चावर लक्ष ठेवायला धाडलं कझन्सला. कझन्सनं स्वतःही २,५०० डॉलरचे शेअर घेतले. पदरी तेवढे नव्हतेच. थोडी साठवण, बाकीची वचनचिठ्ठी, आणि शंभर डॉलर बहिणीकडून. बहीण रोझेटा शाळेत शिक्षिका. तिच्याजवळ दोनशे होते. वडिलांनी सांगितलं, दोनशे घालू नकोस, शंभरावर भागव. १९१९ मध्ये हेन्री फोर्डनं बाकीच्या भागधारकांना पैसे देऊन मोकळं केलं, तेव्हा रोझेटाच्या त्या शंभर डॉलरांचे २ लाख ६२ हजार डॉलर झाले. मधल्या वर्षांत लाभांश मिळाला तो निराळाच. आमची आजी एरवी या गप्पांत नसायची, पण इथं आतून म्हणाली, "ही उलटी भाऊबीज झाली की. बहिणीनंच ओवाळणी घातली आणि ती फळली."

कझन्सनं कंपनीत काय केलं, हे गाड्यांच्या इतिहासात थोडक्यात येतं, कारण त्यात दाखवण्यासारखं यंत्र नाही. फोर्डला गाडी अजून सुधारायची असे. कझन्सला ती आधी रवाना करायची असे. तो स्वतः रेल्वेच्या मालडब्यांची दारं खिळे ठोकून बंद करायचा, म्हणजे फोर्डला पुन्हा गाडी बाहेर काढता येऊ नये, असं म्हातारीचे वडील सांगत. एवढं खरं की देशभरातल्या विक्रेत्यांचं जाळं त्यानं उभं केलं आणि गाडी ताब्यात देताना रोख घ्यायची शिस्त लावली. त्या रोखीवर सुट्या भागांची बिलं भागत आणि पुढची गाडी तयार होई. कर्ज काढायची वेळ क्वचित यायची. १९०६ मध्ये माल्कमसन बाहेर पडला. ज्या मालकानं पाठवलं त्याला सोडून कझन्स फोर्डच्या बाजूनं उभा राहिला होता. आजोबांना हे खटकलं. मामा म्हणाला, "अण्णा, तो मालकाचा नव्हताच. वहीचा होता."

५ जानेवारी १९१४ ला कझन्सनं वार्ताहरांना बोलावून टंकलिखित निवेदन वाचून दाखवलं. फोर्ड जवळच उभा होता. कामाचे तास नऊवरून आठ, आणि दिवसाची मजुरी २ डॉलर ३४ सेंटांवरून ५ डॉलर. कल्पना नक्की कुणाची, यावर दोघांच्या चरित्रकारांचं एकमत नाही. कारण मात्र हिशेबात सापडतं. सरकता पट्टा आल्यावर काम इतकं कंटाळवाणं झालं होतं की माणसं टिकत नव्हती. १९१३ मध्ये सुमारे १४ हजारांचा पट भरलेला ठेवायला ५० हजारांहून जास्त माणसं घ्यावी लागली. प्रत्येक नव्या माणसाला शिकवायचं आणि तो शिकला की गेला. जो खर्च कुठल्याच खात्यावर दिसत नव्हता, तो कुणीतरी मांडून पाहिला.

म्हातारीचे वडील त्या आठवड्यात हायलंड पार्कच्या फाटकासमोरच्या गर्दीत होते. हजारो माणसं, हाडं गोठवणारी थंडी. १२ जानेवारीला गर्दी आवरेना तेव्हा पोलिसांनी आगीच्या बंबाच्या नळ्या लोकांवर सोडल्या. ओले कपडे अंगावरच कडक झाले. कोटाची बाही वाकवली की करकर वाजायची. ते तसेच चालत घरी गेले, चुलीशी बसले आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा जाऊन कामावर लागले.

त्या पाच डॉलरांतला बराच भाग नफ्यातला वाटा म्हणून दिला जाई आणि त्याला अटी होत्या. कंपनीचे तपासनीस घरी यायचे. घर स्वच्छ आहे का, माणूस दारू पितो का, इंग्रजी शिकतो का, घरात भाडोत्री किती, सगळं वहीत. म्हातारीच्या आईनं तीन भाडोत्री ठेवले होते, रात्रपाळी-दिवसपाळीनं एकाच खाटेवर झोपणारे. तपासनीस पुढच्या दारात आला की ती एकाला मागच्या दारानं कोंबड्यांच्या खुराड्याकडे पिटाळायची आणि अंथरुणावर धुतलेले बटाटे पसरायची. ते अंथरूण अजून ऊबदार असे. ही गोष्ट मामा सांगायचा तेव्हा आम्ही हसत असू, पण आजोबा हसले नाहीत. पगार देणाऱ्यानं घरात डोकावावं, हे त्यांना आवडलं नाही.

त्याच वर्षी कझन्सचा थोरला मुलगा होमर मोटार अपघातात गेला. चौदा वर्षांचा होता. ज्या धंद्यानं घर भरलं त्याच धंद्याच्या वस्तूनं ते रिकामं केलं. कझन्सनं याबद्दल फारसं कुठं बोलल्याचं आढळत नाही. पुढच्या वर्षी, १९१५ च्या ऑक्टोबरात, त्यानं कंपनीही सोडली. निमित्त झालं ते महायुद्धाचं. फोर्डला युद्धविरोधी मतं कंपनीच्या मासिकात छापायची होती. कझन्सनं मजकूर अडवला, फोर्ड म्हणाला छापायचाच, आणि कझन्सनं उभ्या उभ्या राजीनामा दिला. शेअर मात्र ठेवले. १९१९ मध्ये त्या शेअरांचे त्याला २ कोटी ९३ लाख डॉलर मिळाले.

पन्नाशी जवळ आलेली, तिजोरी भरलेली. असा माणूस बहुधा शिकार करतो, घोडे पाळतो किंवा देवळाला कळस चढवतो. कझन्सनं डेट्रॉइटच्या पोलीस खात्याचं आयुक्तपद घेतलं आणि १९१८ मध्ये महापौरपदासाठी उभा राहिला. शहरातल्या ट्राम एका खासगी कंपनीच्या होत्या आणि तिनं भाडं पाच सेंटांवरून सहा केलं होतं. कझन्स ट्राममध्ये चढला, पाच सेंटांचं नाणं पुढे केलं आणि सहावा सेंट द्यायला नकार दिला. त्याला खाली उतरवलं. कोट्यधीश माणसाला एका सेंटासाठी रस्त्यावर उतरवलेलं शहरानं पाहिलं. यात नाटक होतं का? होतं. पण हे नाटक तो पुढची चार वर्षं वठवत राहिला. १९२० मध्ये मतदारांनी शहराच्या स्वतःच्या ट्रामसाठी कर्जरोख्यांना कौल दिला, आणि १९२२ मध्ये सगळी ट्रामसेवा महापालिकेच्या हाती आली. त्या काळी अमेरिकेत एवढी मोठी महापालिकेची ट्रामसेवा दुसरी नव्हती.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मिशिगनचा सिनेटर ट्रूमन न्यूबेरी याला राजीनामा द्यावा लागला. निवडणुकीत उधळलेल्या पैशाचं प्रकरण त्याला भोवलं होतं. रिकाम्या जागेवर राज्यपालांनी कझन्सची नेमणूक केली. तो रिपब्लिकन पक्षाचा, म्हणजे धनिकांच्या पक्षाचा, आणि स्वतः सिनेटमधल्या बड्या धनिकांपैकी एक. पक्षाला वाटलं, आपलाच माणूस आला.

त्या वेळी अँड्र्यू मेलन अर्थमंत्री होता. बँका, ॲल्युमिनियम आणि तेल यांतला धनाढ्य. मोठ्या उत्पन्नावरचा अधिभार ५० टक्क्यांवरून २५ वर आणला की श्रीमंत माणूस पैसा उद्योगात घालेल, अशी त्याची मांडणी होती. कझन्सनं विरोध केला. हा कर खुद्द त्याच्यासारख्यांवरच होता, म्हणून वर्तमानपत्रांना बातमी मिळाली. मेलननं जाहीर टोला हाणला, की सिनेटरसाहेबांचा पैसा करमुक्त कर्जरोख्यांत आहे, दर कितीही असला तरी त्यांना काय फरक पडतो? टोला खोटा नव्हता. कझन्सचा पैसा खरंच बराचसा तिथं होता.

इथं ओट्यावर भांडण झालं. मामाचं म्हणणं, मग हा ढोंगीच की. आजोबा म्हणाले, "चोराच्या वाटा चोराला ठाऊक. पळवाट कुठं आहे हे त्यानं नाही सांगायचं तर कुणी, तुम्ही आम्ही?"

कझन्सनं सांगायचं ठरवलं. १९२४ मध्ये त्याच्या अध्यक्षतेखाली सिनेटची समिती बसली आणि करखात्याची दप्तरं उघडली गेली. कुठल्या कंपनीला किती परतावा मिळाला, कुणाचा कर कुठल्या निकषावर घटवला, हे सगळं आतल्या आत ठरत होतं. त्याच्या नीट लिहिलेल्या कसोट्याच नव्हत्या. मेलन ज्यांत मोठा भागीदार होता त्या कंपन्यांनाही सवलती मिळाल्याचं बाहेर आलं. मग १९२५ च्या मार्चमध्ये करखात्याचा प्रमुख स्वतः सिनेटमध्ये आला आणि त्यानं कझन्सच्या हातात नोटीस ठेवली. १९१९ च्या शेअरविक्रीवर कर कमी भरला गेला, सबब आणखी सुमारे १ कोटी डॉलर भरा. मुदत संपायला थोडेच दिवस राहिले होते. सगळा वाद १९१३ साली त्या शेअरची किंमत काय होती यावर. म्हणजे सुरुवातीच्या हिशेबवह्या सांभाळणाऱ्या माणसालाच सरकार त्या वह्यांतला आकडा चुकला म्हणत होतं. वकिलांची फौज, जुने भागीदार, साक्षी, तीन वर्षं. १९२८ मध्ये करविषयक अपील मंडळानं निकाल दिला, की कझन्सनं कर कमी भरलेला नाही. उलट ९ लाख डॉलरांच्या वर जास्तच भरला आहे. ते परत करावेत.

आजोबांनी मांडीवर थाप मारली होती, असं मामा सांगतो. आयुष्यभर कारकुनांच्या शेऱ्यांना उत्तरं लिहिलेल्या माणसाचा तो आनंद होता.

समितीच्या कामातून १९२६ मध्ये अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांची कायमची करसमिती निघाली. ती आजही आहे, आणि करकायद्याचा कुठलाही प्रस्ताव आला की तिजोरीला काय पडेल याचा अंदाज तीच मांडते.

१९२९ मध्ये कझन्सनं मुलांच्या आरोग्यासाठी १ कोटी डॉलरचा निधी काढला, चिल्ड्रन्स फंड ऑफ मिशिगन. सरकारनं नोटिशीत मागितले होते साधारण तेवढेच. अट एक होती: मुद्दल आणि व्याज, दोन्ही २५ वर्षांत खर्चून टाकायचं. नावानं चिरंतन संस्था नको, पुढच्या पिढीच्या विश्वस्तांना खुर्च्या नकोत. राज्याच्या उत्तरेकडच्या जंगली, विरळ वस्तीच्या जिल्ह्यांत त्या पैशानं परिचारिका फिरल्या, शाळकरी पोरांचे दात तपासले गेले. १९५४ मध्ये ठरल्याप्रमाणे निधी संपला आणि दार बंद झालं. आपल्याकडे दानाची पाटी दानापेक्षा जास्त टिकते. इथं माणसानं पाटी उतरवायची तारीख आधीच लिहून ठेवली होती.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर म्हातारी त्याला संत म्हणाली असती. ती म्हणत नव्हती, आणि त्याचं कारण होतं १९३३.

मंदीच्या चौथ्या हिवाळ्यात डेट्रॉइटची मोठी युनियन गार्डियन ट्रस्ट डबघाईला आली. तिच्या साखळीतल्या बँकांत फोर्ड घराण्याचे पैसे आणि हितसंबंध होते. वॉशिंग्टनहून सरकारी कर्ज मिळालं तर ती तरणार होती, पण तारण पुरेसं नव्हतं. कझन्सनं बजावलं, अपुऱ्या तारणावर जनतेचा पैसा दिलात तर मी घरांच्या छपरांवरून ओरडून सांगेन. तिकडे हेन्री फोर्ड आपली ठेव मागे ठेवायला तयार होईना. दोन जुने भागीदार, दोघेही आपापल्या जागी अडून बसलेले. १४ फेब्रुवारीला राज्यपालांनी मिशिगनमधल्या सगळ्या बँका आठ दिवस बंद केल्या. तीन आठवड्यांत देशभरच्या बंद झाल्या. शहरातल्या दोन बड्या बँका पुन्हा उघडल्याच नाहीत.

म्हातारीच्या चुलत्याचे पैसे त्यांतल्या एकीत होते. घराचा हप्ता भरायला ठेवलेले. पुढे ते हप्त्याहप्त्यानं बरेचसे परत आले, पण घर त्याआधीच गेलं होतं. तिच्या घरात म्हणून कझन्सचं नाव दोन आवाजांत निघायचं. वडील म्हणत, पाच डॉलर देणारा. चुलता म्हणे, शहर बुडवणारा. ख्रिसमसच्या जेवणात हा विषय काढायचा नाही, असा तिच्या आईचा दंडक होता.

मला स्वतःला वाटतं, दोघं एकाच माणसाबद्दल बोलत होते. तारण अपुरं म्हणजे अपुरं, हा कझन्सचा आकडा बरोबर होता. फक्त त्या आकड्याखाली चुलत्याचं घर होतं, आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. १९१४ मध्ये त्यानं न दिसणारा खर्च वहीत आणला होता, माणसं सोडून जातात त्याचा. १९३३ मध्ये बँकेच्या दारात उभ्या असलेल्या माणसांचा खर्च त्याला दिसला नाही. किंवा दिसला आणि नियमापुढे त्यानं तो बाजूला सारला. यातलं दुसरं खरं असावं, कारण त्या मंदीत बेकारांच्या मदतीसाठी स्वतःच्या खिशातून पैसे काढायला तो तयार होता. सरकारी तिजोरीतून वशिल्याच्या बँकेला देणं मात्र त्याला पटत नव्हतं.

शेवटचं वर्ष १९३६. रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी पुन्हा मागितलेली असतानाच, ऑगस्टमध्ये, त्यानं जाहीर केलं की राष्ट्राध्यक्षपदासाठी आपला पाठिंबा डेमोक्रॅट रूझवेल्टना आहे. कुठल्याही निवडणूक-सल्लागारानं कपाळावर हात मारून घेतला असता. सप्टेंबरमध्ये पक्षाच्या मतदारांनी त्याला घरी बसवलं. ऑक्टोबरच्या मध्यावर रूझवेल्ट डेट्रॉइटला आले तेव्हा आजारी कझन्स अंथरुणातून उठून त्यांच्या स्वागताला गेला, आणि आठवड्याभरात, २२ ऑक्टोबरला, वारला. तेव्हा त्याचा मुलगा फ्रँक डेट्रॉइटचा महापौर होता.

मामा आता ऐंशीच्या पुढे गेला आहे. अमेरिकेचं नागरिकत्व घेऊनही त्याला जमाना झाला. गेल्या खेपेला मी त्याला विचारलं, कझन्स आज उभा राहिला तर मत देशील? त्यानं विचार केला नाही.

"मत त्यालाच देईन. पण त्याच्या हाताखाली नोकरी? नाव काढू नकोस, अगं. अण्णांनासुद्धा नसती झेपली."